नाझरसाहेबांची गाडी आणि पाच पंच

बहात्तरच्या दुष्काळात आईचे दोन्ही हात खडी फोडायचे, पण सरकारदरबारी पोचायचा तो तिचा डावा अंगठा तेवढा. बिडकीनच्या अलीकडं, पैठण रस्त्याच्या कडेला आमची वस्ती. विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं घागर भरायची. खायला सुकडी आणि तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी. आई, बाप आणि शाळेला सुट्टी असली की मी, असे तिघं रस्त्याच्या कामावर. शनिवारी मुकादम हजेरीचं मस्टर घेऊन यायचा, शाईचा डबा उघडायचा आणि बायका ओळीनं अंगठे देऊन जायच्या.

मी तेव्हा आठवीत होते. एका शनिवारी मी आईच्या मागं उभी राहून त्या मस्टरात डोकावले. आईच्या नावापुढं तीन दिवस ‘गैरहजर’ लिहिलेलं होतं आणि त्याला लागूनच तिच्या अंगठ्याची ओली निळी खूण. मी ते मोठ्यानं वाचलं.

मुकादम बापाकडं बघून म्हणाला, “पोरगी लई वाचाया लागली की तुमची.”

सोमवारपासून आठ दिवस आम्हा तिघांना कामावर घेतलं नाही. बाप माझ्याशी बोलेना. आई मात्र चुलीपुढं बसून स्वतःशीच पुटपुटत होती, “गैरहजर बी मीच आन् अंगठा बी माझाच? मंग अंगठा दिला कोणी?” बराच वेळ तिनं ह्या कोड्याचा विचार केला आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, “तू शीक.”

बापानंही पुढं मान डोलावली, पण अट घालून. “एका दमात पास होत गेलीस तर शीक. कुठं एका पेपरला जरी राहिलीस, तर टोपलं घ्यायचं आन् कॅनॉलच्या कामावर यायचं.” तो दुष्ट नव्हता. माझ्यामागं दोन भावंडं होती आणि घरातून एका वेळी एकाचंच शिक्षण निघत होतं.

नाझरसाहेब माझ्या आयुष्यात आले ते ह्या टोपल्याच्या आणि बी.ए.च्या मधोमध, एका बंद पडलेल्या गाडीसह.

माझा मामा औरंगाबादच्या कोर्टात शिपाई होता. कोर्टाचा नाझर म्हणजे जप्तीवर जाणारा आणि जप्त केलेला माल सांभाळणारा अधिकारी. मामानं ज्यांच्या हाताखाली उमर काढली ते नाझर निवृत्त होऊन खडकेश्वरला राहत होते आणि त्यांच्या घराची मागची खोली रिकामी होती. मला कॉलेजात घातल्यावर मामा मला तिथं घेऊन गेला तेव्हा नाझरसाहेब अंगणात, काळी टोपी घालून, पाठीमागं हात बांधून गाडीसमोर उभे होते. अंत्यदर्शनाला आल्यासारखे.

माझं नाव-गाव काही विचारलं नाही. “अक्षर कसं आहे?” म्हणाले आणि पुढ्यात कागद ठेवला. “लिहा. पाहता, उजवे मागील चाक निपचित पडल्याचे आढळून आले.”

मी लिहिलं. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून बघितला. “अक्षर साक्षीदारासारखं आहे. सरळ उभं राहतं.”

खोली मिळाली. भाडं अगदीच जुजबी, कारण साहेबांचा हात कापायला लागला होता आणि त्यांना लेखनिक हवा होता. कशाला हवा होता ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

गाडी परदेशी घडणीची होती. तिचा मूळ रंग कोणता, याबद्दल घरात दोन मतं होती. एके काळी ती एका जिनिंगवाल्याची होती. त्याचं दिवाळं निघालं तेव्हा जप्तीला गेले ते हेच नाझरसाहेब. नोटीस त्यांनीच चिकटवली, चालवत आणून कोर्टाच्या आवारात लिंबाखाली त्यांनीच उभी करवली. मग खटला चालू राहिला, गाडी उभी राहिली. रोज सकाळी साहेब जाऊन चार चाकं, दोन दिवे आणि एक हॉर्न जागेवर असल्याची खात्री करून यायचे. बॉनेटखाली साळुंकीनं घरटं केलं त्याचीसुद्धा नोंद त्यांनी घेतली होती. ते निवृत्त झाल्यावर कधीतरी गाडीचा लिलाव निघाला. बोली लावायला एकच माणूस आला. काळी टोपी घालून.

“कशाला घेतली हो?” मी एकदा धीर करून विचारलं.

“मी हिला ताब्यात घेतली तेव्हा ही चालत होती,” ते म्हणाले. “माझ्या ताब्यात असताना बंद पडली. जबाबदारी कुणाची?”

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ओरडल्या, “माझी! रोज पाणी मी ओतते तिच्यात!”

आता साहेबांची पद्धत सांगते. गाडी वाटेत बंद पडली की दुसरा माणूस खाली उतरून बॉनेट उघडतो. साहेब खाली उतरून पंच शोधायचे. कायद्याला दोन पंच पुरतात, पण त्यांचं म्हणणं, पंच म्हणजे पाच. रस्त्यावरचे पाच प्रतिष्ठित इसम गोळा झाल्याशिवाय आणि पंचनामा पुरा होऊन त्यांच्या सह्या झाल्याशिवाय गाडीला कुणी बोट लावायचं नाही. मिस्त्रीनंसुद्धा नाही. “जागा विस्कटली की पुरावा गेला,” असं म्हणून ते हात आडवे धरायचे.

डिकीत स्टेपनी नव्हती. तिथं एक मोठं रजिस्टर, कार्बन पेपर, शाईचा डबा आणि माझ्यासाठी एक लाकडी स्टूल असायचं. मी रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसून लिहायची आणि साहेब येरझारा घालत सांगायचे, “आज रोजी आम्ही खाली सह्या करणार पंच, बोलावल्यावरून जागेवर हजर झालो. पाहता, सदर गाडी तोंड उत्तरेस करून उभी असून चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस रसवंती. पश्चिमेस एक म्हैस.”

म्हैस चालू लागली की नवा कागद.

एकदा गुलमंडीवर तिचा सायलेन्सर गळून पडला आणि पाठीमागचा एक सायकलवाला भला माणूस तो उचलून साहेबांना द्यायला आला. साहेबांनी त्याला तो पुन्हा पडला होता तिथं नेऊन ठेवायला लावला, खडूनं भोवती रेघ मारली आणि त्या बिचाऱ्याला पंच क्रमांक एक केलं. त्या दिवसानंतर गुलमंडीवर आमची गाडी दिसली की ओळखीचे लोक दुकानात शिरायचे.

घरातही तीच भाषा. काकू म्हणाल्या, भाजी करपली, की साहेब जेवता जेवता दुरुस्ती करायचे, “करपल्याचं आढळून आलं म्हणा. करपवली कुणी हे अजून सिद्ध व्हायचंय.”

काकूंचाही बाणा होता. “मी पंच म्हणून वाट्टेल तितक्या सह्या करीन,” त्या म्हणायच्या, “पण त्या गाडीत बसणार नाही.” लग्नाला निघाल्या की त्या सायकल रिक्षानं पुढं जायच्या आणि साहेब अक्षता पडून पंगत उठली की पोचायचे, हाताला ग्रीस आणि खिशात पाच सह्यांचा कागद.

गाडीला झालेलं नाही असं काही उरलं नव्हतं. बॅटरी उतरलेली, म्हणून हँडल मारायचं. रेडिएटर गळका. कार्बोरेटरात कचरा. क्लच घसरणारा, ब्रेक आधी सांगून ठेवावा लागणारा. जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं आणि तो शहाणा असला तर पार्ट बदलतो. पण साहेब एकही पार्ट चौकशीशिवाय बदलू देत नसत. प्रत्येक पार्टाला तीन तारखा. तिन्ही तारखांना तो दोषी ठरला तरच बाद.

भडकल गेटजवळ एक मिस्त्री होता. हात सोन्याचे, तोंड तिखट. रेडिएटरच्या पहिल्या तारखेला साहेबांनी त्याला अंगणात उभं केलं.

“हा रेडिएटर गळतो, असं तुमचं म्हणणं आहे?”

“म्हणना क्या साब, पैले दिन से चोर है ये.”

“ऐकीव आहे. स्वतः पाहिलं का?”

“आँखों से देखा ना! पूरा पानी मेरे पाँव पे गिरा.”

“पाणी गिरलं. रेडिएटरमधूनच गिरलं कशावरून?”

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, मग आभाळाकडं. “साब, मेरेकू कायकू पूछते? गाडीकू पूछो ना. गाडी आपकी, पानी आपका, मेरा तो सिर्फ पाँव था.”

“लेखनिक, लिहा,” साहेब म्हणाले. “साक्षीदार उलटतपासणीत डगमगला.”

साठ-पासष्ट रुपयांत डाग देऊन झालं असतं ते काम तिसऱ्या तारखेपर्यंत लांबलं. मधल्या काळात वाफेनं हेड गॅस्केट गेलं, त्याचे आणखी दीडशे सांगितले. आता गॅस्केट दोषी की रेडिएटर, म्हणून दोघांची एकत्र चौकशी लागली. साहेबांना मिस्त्रीचा अंदाज तीन प्रतींत हवा असायचा. मी पैजेवर सांगते, त्या गाडीनं पेट्रोल कमी आणि कार्बन पेपर जास्त खाल्ला.

एका तारखेला मिस्त्री आलाच नाही. साहेबांनी समन्स काढलं, स्वतः जाऊन त्याच्या बंद दारावर खळ लावून चिकटवलं. चार दिवसांनी मिस्त्री माझ्याकडं आला. “बेटी, तू तो पढेली है. मेरी तरफ से जवाब लिख. ऐसा कडक लिख के बुड्ढा हिल जाना.” मग काय, तो दखनीत सांगायचा आणि मी मराठीत त्याचा खुलासा लिहायची. संध्याकाळी तोच खुलासा साहेब वाचायचे, भुवया उंचावायचे आणि मला त्याचं प्रत्युत्तर सांगायचे. दोन वर्षं दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार माझ्याच अक्षरात चालला. राज्यशास्त्राचा पेपर मला कधी जड गेला नाही, त्याचं श्रेय मी ह्या गॅस्केटला देते.

हे वेड कुठून आलं, ते मला एकदाच थोडंसं कळलं. पोलिस ॲक्शनच्या वेळी साहेब निजामाच्या कोर्टात तरुण कारकून होते. एक सरकार गेलं, दुसरं यायचं होतं. मधले काही दिवस आपण कुणाची रयत, हे शहरात कुणालाच सांगता येत नव्हतं. लोक दारं लावून बसले. साहेब मात्र रोज दहाला कचेरीत गेले, हजेरीपत्रक काढलं, सही केली, पाचला घरी आले.

“भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“कसली? सरकार गैरहजर होतं. मी हजर होतो. तसं मी लिहूनही ठेवलं आहे.”

मला हसू आलं नाही. ‘गैरहजर’ ह्या शब्दाला मला कधीच हसू येत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात साहेबांनी ठरवलं, आपल्या लेखनिकाचं मूळ गाव पाहणं हे घरमालकाचं कर्तव्य आहे. एसटीनं तासाभराचा रस्ता. आम्ही सकाळी आठला निघालो आणि दुपारी बाराला वस्तीच्या अलीकडं दोन मैलांवर रेडिएटरनं पांढरा झेंडा दाखवला. बॉनेटमधून वाफ, खाली चिकचिक, वर ऊन. साहेब पंच शोधायला लागले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात सरपणाच्या मोळ्या आणि कमरेवर घागरी घेतलेल्या पाच बायका आल्या. त्यातली एक माझी आई.

एकीनं साहेबांना ऐकवलं, “आम्ही कशाच्या पंच? गडीमाणसं बोलवा.”

“पंच पुरुषच असावा असं कोणत्या कलमात आहे, दाखवा,” साहेब म्हणाले. मी स्टूल मांडलं, लिहायला घेतलं. हे सगळं आई मोळी खाली ठेवून बघत होती. पण शेवटी मी शाईचा डबा उघडला, तशी ती विंचू दिसावा तशी मागं सरली.

“नाय. म्या अंगठा देत नसते आता. एकदा दिला तेवढा बास झाला.”

मला वाटलं, साहेब चिडणार. पण ते गंभीर झाले. “बाई, अंगठा आधी नाही. आधी वाचन.”

आणि त्या उन्हात, टोपी सारखी करून, त्यांनी अख्खा पंचनामा वाचून दाखवला. एक एक शब्द, सावकाश, मोठ्या कोर्टात वाचावा तसा. रेडिएटरमधून वाफ निघत असल्याचे आढळून आले. पाणी पूर्ण संपल्याचे आढळून आले. पूर्वेस खडीचा रस्ता. पश्चिमेस लिंबाचे झाड.

“लिंब नाय ते,” आई म्हणाली.

“काय?”

“बाभूळ हाय. काटं बघा की.”

साहेब झाडापर्यंत चालत गेले, काटे बघून परत आले. “लेखनिक, लिंब खोडा. बाभूळ लिहा. समासात टीप द्या, पंच क्रमांक एक यांच्या सांगण्यावरून दुरुस्ती केली.”

मी खोडलं, लिहिलं आणि तेवढंही त्यांनी पुन्हा वाचून दाखवलं. आईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. तिच्या बोलण्यानं कागदावरचं झाड बदललं होतं. तिनं पदराला अंगठा पुसला आणि आपण होऊन डब्यात बुडवला. मग घागरीतलं पाणी रेडिएटरात ओतलं. ओतता ओतता म्हणाली, “साहेब, तुमचं लिवणं खरं दिसतंय. माझ्या पोरीची हजेरी तेवढी खरी लावा.”

“लिहून घेतो,” साहेब म्हणाले. आणि खरोखरच, त्या पंचनाम्याच्या शेवटी, रेडिएटरच्या खाली, त्यांनी मला ते लिहायला लावलं.

शेवटच्या वर्षी माझे सगळे पेपर ठीक गेले. एकच राहिला होता. त्याच्या आदल्या दिवशी गाडीला धक्का मारताना माझा उजवा पाय मुरगळला आणि घोटा पपनसाएवढा झाला. साहेबांनी रीतसर पायाचा पंचनामा केला आणि निष्कर्ष काढला की जखमी लेखनिकास परीक्षा केंद्रावर पोचवण्याची जबाबदारी वाहनमालकाची आहे.

“अहो, रिक्षा करा,” काकू म्हणाल्या. “उभा जन्म तुमचं ऐकलं. आज माझं ऐका.”

“पाय माझ्या वाहनानं मोडला. रिक्षानं नाही.”

केंद्र पाणचक्कीच्या पलीकडं, बेगमपुऱ्याच्या अंगाला. धड पाय असता तर मी अर्ध्या तासात चालत गेले असते. पेपर अकराचा, साडेअकराला दार बंद. त्यानंतर आलेला गैरहजर. साहेबांनी साडेनऊला गाडी काढली. “एक बिघाड गृहीत धरला आहे,” ते म्हणाले. मी मागच्या सीटवर पाय पसरून बसले. मनात एकच चाललेलं, आज राहिले तर टोपलं. काकूंनी खिडकीतून माझ्या हातावर दही ठेवलं आणि साहेबांना ऐकू जाईल अशा बेतानं देवाचं नाव घेतलं.

गृहीत धरलेला बिघाड भडकल गेटला झाला. हॉर्न दाबला तो सुटेचना आणि पाठोपाठ इंजिन गुदमरलं. पाच पंच, चतुःसीमा, वाचन, सह्या. हॉर्न सारखा वाजत असल्यामुळं वाचन दोनदा करावं लागलं. मिस्त्री समोरच्याच गॅरेजात दात ओठ खात उभा होता. शेवटची सही होताच त्यानं झडप घालून हॉर्नची तार तोडली, पॉईंटला कानस मारली आणि गाडी चालू करून दिली. दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

पाच मिनिटांनी आम्ही महमूद दरवाज्यात शिरलो. पाणचक्कीजवळचा तो जुना दरवाजा, आत एका वेळी एकच गाडी मावते. बरोबर कमानीखाली आल्यावर गाडीनं एक उचकी दिली आणि थांबली. हे दुखणं मला पाठ होतं. एप्रिलच्या उन्हात पेट्रोलचा पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते, इंजिन उपाशी पडतं. ओला फडका टाकून अर्धा तास वाट बघायची, दुसरा इलाज नाही.

क्षणात दोन्ही बाजूंनी गर्दी झाली. मागं टांगा, टांग्यामागं सायकली. पुढून खरबुजांनी भरलेली एक हातगाडी. टांगेवाला ओरडला, “चाचा, ढकल के बाहर लो ना!” दोघं-तिघं धक्का मारायला पुढंही झाले.

साहेबांनी हात आडवे धरले. “कुणी हात लावायचा नाही. लेखनिक, लिहा. आज रोजी...”

मी पेनाचं टोपण उघडलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा.

“साहेब, मी लिहीत नाही.”

“का?”

“माझा पेपर सुरू व्हायला पाच मिनिटं आहेत.”

“पंचनाम्याला कितीसा वेळ लागतो?”

“चाळीस मिनिटं,” मी म्हणाले. “प्रत्येक वेळी मीच लिहिलाय.”

ते वळून गेले आणि कमानीच्या भिंती निरखायला लागले, जणू तिथं एखादं कलम कोरलेलं सापडेल. गर्दीतून शिव्या येत होत्या. ते परत आले, पुन्हा गेले. अकरा वाजले, पाच झाले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण मी पेन धरलं नाही.

खिडकीपाशी वाकून त्यांनी विचारलं, “परीक्षेला हजेरीपत्रक असतं?”

“असतं.”

“आणि साडेअकरानंतर पोचलं तर त्यावर काय लिहितात?”

“गैरहजर,” मी म्हणाले.

साहेबांनी टोपी काढली. ती मी त्यापूर्वी कधी रस्त्यात काढलेली पाहिली नव्हती. ती सीटवर ठेवली, रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, “पोरी, ऊठ.”

काम चालू असताना त्यांनी मला पोरी म्हटलं तेही पहिल्यांदाच.

मग त्यांनी खरबूजवाल्याला हुकूम सोडला, “हातगाडी फिरवा. ताब्यात घेतली.”

“और मेरे खरबुजे?”

“मुद्देमाल मागच्या सीटवर ठेवा. गाडीवर तुम्ही राखण. हे रजिस्टर धरा.”

तो इतका चक्रावला की त्यानं खरंच रजिस्टर धरलं. टांगेवाल्यानं आणि सायकलवाल्यांनी हां हां म्हणता खरबुजं गाडीत भरली. मी सीटवरून उठले आणि माझ्या जागी खरबुजं बसली. मला हातगाडीवर चढवलं. गाडीचं दार उघडं, किल्ली तशीच लोंबत, मालक उघड्या डोक्यानं हातगाडी ढकलत निघाला. मी मागं वळून बघितलं, तर पंचनाम्याशिवाय पंधरा जण एका वेळी त्या गाडीला हात लावत होते.

बेगमपुऱ्यातून आमची वरात गेली. वय झालेला माणूस, धापा टाकतोय, हातगाडी खड्ड्यात आपटतेय, माझ्या पायात कळा आणि मांडीवर चुकून राहिलेलं एक खरबूज. लोक दारात येऊन बघत होते. साहेब म्हणाले, “बघू नकोस कुणाकडं. उजळणी कर.”

केंद्राच्या फाटकावरच्या शिपायानं विचारलं, “हे काय आणलं?”

“परीक्षार्थी,” साहेब म्हणाले. एवढं बोलायलाच त्यांच्यात दम उरला होता.

साडेअकराला चार मिनिटं कमी होती. मी लंगडत आत गेले. घामानं भिजलेल्या, कार्बननं काळ्या झालेल्या हातानं हजेरीपत्रकावर सही केली. सही, अंगठा नाही. पर्यवेक्षकानं खरबूज टेबलाखाली ठेवायला सांगितलं.

पेपर सुटला तेव्हा फाटकाबाहेर आमचीच गाडी उभी होती, चालू. स्टिअरिंगवर मिस्त्री. “साब,” तो साहेबांना म्हणाला, “बगैर पंचनामे के चालू हो गई. शरम से.” गाडीला त्यानंतर कितीतरी दिवस खरबुजाचा वास येत होता आणि खरं सांगायचं तर तोच तिचा सगळ्यात चांगला काळ.

त्या दिवसाबद्दल साहेब घरी एक शब्दही बोलले नाहीत. पण निकालाच्या दिवशी आई-बाप वस्तीवरून आले, तेव्हा साहेबांनी रजिस्टर बाहेर आणलं आणि एक पान काढलं. माझं अक्षर नव्हतं. कापऱ्या हातानं त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं. खाली चार सह्या होत्या. खरबूजवाला, टांगेवाला, मिस्त्री आणि काकू. पाचवी जागा रिकामी.

त्यांनी आईला समोर बसवलं आणि वाचलं, “आज रोजी सदर गाडी वाटेत कोठेही बंद पडली नाही. परीक्षार्थी वेळेत हजर.”

“साहेब,” मी म्हणाले, “दोनदा बंद पडली. भडकल गेटला आणि दरवाज्यात.”

“भडकल गेटचा कागद मी रद्द केला. आणि दरवाज्यात पंचनामा झाला का?”

“नाही.”

“मग बंद पडली हे आढळून आलं कुणाला?”

काकू पदरात तोंड घालून हसत होत्या. साहेब मात्र आईशी सरळ बोलले. “बाई, हा मजकूर खोटा आहे. माझ्या हातचा हा पहिलाच खोटा कागद. वाचून दाखवला आहे. पटला तर अंगठा द्या.”

आईनं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “पोरगी हजर व्हती, येवढं खरं हाय ना?”

“ते खरं आहे.”

“मंग बाकीचं ऱ्हाऊ द्या खोटं,” आई म्हणाली आणि अंगठा दिला.

मी बी.ए. झाले. दुसरा वर्ग, एका दमात. आमच्या घरातली मी पहिली.